तीन रकाने, एक मुलगी



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : वर्ग, जात आणि लिंगभाव यांतून शिक्षणातली विषमता कशी घडते. विषय मोठा आहे आणि त्यावर मोठे ग्रंथ आहेत. मी काही समाजशास्त्रज्ञ नाही. मी मराठीची प्राध्यापक. आयुष्यभर मजकूर वाचायचं आणि वाचायला शिकवायचं काम केलं. तेव्हा आजही मी तेच करणार आहे. एक निबंध, दोन साक्षी, दोन आत्मकथनं आणि काही सरकारी आकडे, एवढं साहित्य मी घेतलंय. आकड्याला आपण मजकूर मानत नाही, पण आकडाही वाचावाच लागतो. नाहीतर तो आपल्याला हवं तेच सांगतो.

सुरुवात मात्र एका अर्जापासून करते. महाविद्यालयात असताना मी बरीच वर्षं प्रवेश समितीवर होते. जून उजाडला की टेबलामागे बसायचं आणि अर्ज तपासायचे. अर्जात रकाने असतात. जात आणि प्रवर्ग, पालकांचं वार्षिक उत्पन्न, स्त्री की पुरुष. पहिल्या दोन रकान्यांमागे एकेक दाखला आणि तिन्हींमागे एकेक योजना. एका वर्षी एक मुलगी आली. तिचे तिन्ही रकाने व्यवस्थित भरलेले होते. जातीच्या रकान्यामुळे शिष्यवृत्ती, उत्पन्नाच्या रकान्यामुळे फी माफ, मुलगी म्हणून एसटीचा पास. आम्हाला वाटलं, हिची आता काही अडचण नाही. दिवाळीपर्यंत ती नियमित आली. दिवाळीनंतर दिसेनाशी झाली. आईवडील ऊसतोडीला गेले होते आणि घरी आजी, दोन धाकटी भावंडं नि दोन शेरडं होती. ती परत उगवली ती मार्चच्या शेवटी, परीक्षेच्या तोंडावर. हजेरी भरत नव्हती. नियम दाखवला गेला. वर्षाअखेरीस तिच्या नावापुढे शेरा लिहिला गेला : स्वेच्छेने शिक्षण सोडले. त्या कागदावर सही माझी होती.

आज जे बोलणार आहे ते त्या शेऱ्याबद्दल आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं की, आपण वर्ग, जात आणि लिंगभाव यांच्या तीन वेगळ्या वह्या ठेवतो, मूल मात्र तिन्ही एकाच वेळी अंगावर वागवत असतं. जी मुलगी या तिन्हींच्या सांध्यावर उभी असते, ती प्रत्येक वहीत असते आणि तरी कुठल्याच वहीला दिसत नाही.

आता जरा मागे जाऊ. १८५५ साल. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, मांग समाजातली, वय सुमारे चौदा. हा निबंध आज आपल्याला ठाऊक आहे. त्याचे गौरवपर उल्लेख प्रत्येक भाषणात होतात. पण गौरव करताना आपण बहुधा एवढंच म्हणतो, ‘बघा, इतक्या लहान मुलीनं इतकं धाडसानं लिहिलं!’ म्हणजे लिहिणारीचं वय आपण वाचतो, तिचं लिहिणं वाचत नाही.

त्या निबंधात एक तपशील आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे किती हाल होत असतील, असं ती मुलगी लिहिते. या एका तपशिलाकडे नीट बघा. छप्पर नाही, ही गरिबी झाली. गावाबाहेर उघड्यावर राहावं लागतं, ही जात झाली. आणि वेदना होतेय ती बाळंतिणीच्या शरीराला, म्हणजे इथे बाईपण आलं. तीन गोष्टी एका प्रसंगात आहेत आणि त्या वेगळ्या काढता येत नाहीत. कुणी तिला विचारलं असतं की बाई, यातलं जातीमुळे किती, गरिबीमुळे किती आणि बाईपणामुळे किती, तर तिला तो प्रश्नच कळला नसता. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक स्त्रीनं अशा गुंत्याला एक नाव दिलं आणि ते नाव जगभर गेलं. आपल्याकडे शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या लेखनाच्या आधारे हाच प्रश्न स्त्रीवादी अभ्यासापुढे ठामपणे ठेवला. नाव उशिरा आलं, पण पुण्यातल्या एका शाळकरी मुलीनं ती गोष्ट त्याआधी कितीतरी वर्षं लिहून ठेवली होती.

मग ती आपल्या धोरणात का आली नाही? यासाठी १८८२ साली जाऊ. त्या वर्षी हंटर आयोग भारतातल्या शिक्षणाची चौकशी करत होता. महाराष्ट्रातून त्याच्यापुढे दोन मोठ्या साक्षी झाल्या. एक जोतीराव फुल्यांची, दुसरी पंडिता रमाबाईंची. दोन्ही मला अतिशय मोलाच्या वाटतात. म्हणूनच त्या टीकेच्या नजरेनं वाचायला हव्यात.

जोतीरावांच्या निवेदनाचा कणा आर्थिक आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आरोप. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, या सरकारी विश्वासावर त्यांनी नेमकं बोट ठेवलं. त्यांनी मागणी केली ती प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचं करण्याची. शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, ते शेतकरी समाजातूनही तयार करा, म्हणाले. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब, शेतीचं प्राथमिक ज्ञान हवं, म्हणाले. महार-मांगांच्या मुलांना बरोबरीनं बसू देत नाहीत म्हणून ती शाळेबाहेर राहतात, हेही त्यांनी नोंदवलं. पुण्यासारख्या शहरात या जातींची लोकसंख्या पाच हजारांच्या वर, आणि त्यांच्यासाठी शाळा एक, तीत मुलं तिसाच्या आत, हा हिशेब त्यांनी आयोगापुढे मांडला. शाळेचा पैसा कुणाकडून येतो आणि कुणाकडे जातो, हा प्रश्न विचारायला जोतीरावांनी आपल्याला शिकवलं. आजही अर्थसंकल्प वाचताना तोच प्रश्न विचारावा लागतो.

पण मुली? स्वतःच्या कामाची माहिती देताना ते मुलींच्या शाळेचा उल्लेख करतात, तिथे आपण आणि आपल्या पत्नीनं अनेक वर्षं काम केलं असं सांगतात. आणि अगदी शेवटी, समारोप करताना, मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिक उदार प्रसार व्हावा अशी विनंती करतात. एक वाक्य. ज्या माणसानं १८४८ मध्ये आपल्या कामाची सुरुवातच मुलींच्या शाळेनं केली, त्याच्या निवेदनात मुली शेवटच्या वाक्यात येतात. हा दोष मी जोतीरावांच्या दृष्टीचा मानत नाही. याच काळात ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तिच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीराव ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले. हा दोष मला निवेदन नावाच्या साच्याचा वाटतो. आयोगापुढे बोलायचं तर प्रश्न विषयवार मांडावे लागतात. आधी रयत, मग जाती, मग मुली. साचा आला की रकाना आला.

आता रमाबाईंची साक्ष. मुलींसाठी शिक्षिका हव्यात, शाळांची तपासणी करायला स्त्रिया हव्यात, आणि स्त्रियांना वैद्यकीचं शिक्षण मिळालं पाहिजे कारण पुरुष डॉक्टरला दुखणं सांगता येत नाही म्हणून बायका मरतात, असं त्यांनी सांगितलं. शिकलेल्या पुरुषांचाच स्त्रीशिक्षणाला विरोध असतो, हेही स्पष्ट बोलल्या. इथे बाईचं शरीर आणि बाईचं मरण पहिल्यांदा शिक्षणखात्याच्या कागदावर आलं. केवढी मोठी गोष्ट!

पण पुढे त्या म्हणतात की शिक्षिकांना पुरुषांपेक्षा जास्त पगार द्यावा, कारण त्यांचं चारित्र्य आणि प्रतिष्ठा वरच्या दर्जाची असायला हवी. पगाराचं ठीक. पण प्रतिष्ठा कुणाकडे होती त्या काळी? मुक्ता साळवेच्या समाजातली बाई या अटीत बसली असती का? १८८९ मध्ये त्यांनी ‘शारदा सदन’ सुरू केलं तेही मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठीच. आता हेही सांगितलं पाहिजे की रमाबाई तिथे थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली गोळा करून आणल्या त्या जातपात न बघता, आणि केडगावला त्यांचं काम उभं राहिलं. आयोगापुढे जे दिसलं नव्हतं ते त्यांना दुष्काळानं दाखवलं.

म्हणजे बघा, १८५५ मध्ये एका मुलीनं जे एकत्र लिहिलं होतं, ते १८८२ मध्ये दोन थोर माणसांच्या साक्षींत वाटलं गेलं. एकात रयत आणि जात पुढे, मुलगी शेवटी. दुसरीत स्त्री पुढे, आणि जात गृहीत धरलेली. मांग-महारांतली मुलगी दोन्ही साक्षींत आहे असं म्हणता येतं आणि नाही असंही म्हणता येतं. आपली पुढची सगळी धोरणं या दोन साक्षींच्या वाटेनं गेली.

आता आकड्यांकडे येऊ. थोडा हिशेब आहे, पण साधा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षर पुरुष ८८.४ टक्के, साक्षर स्त्रिया ७५.९ टक्के. अंतर साडेबाराचं. अनुसूचित जातींत पुरुष ८७.२, स्त्रिया ७१.९. अनुसूचित जमातींत पुरुष ७४.३ आणि स्त्रिया ५७.

हे आकडे आपण नेहमी उभे वाचतो, आता जरा आडवे वाचू. अनुसूचित जातींतला पुरुष राज्याच्या सरासरी पुरुषापेक्षा जेमतेम एका टक्क्यानं मागे आहे. ही केवढी मोठी वाटचाल आहे! बाबासाहेबांच्या चळवळीनं शाळेला जे स्थान दिलं त्याचं हे फळ आहे, आणि ते कुणी दयेनं दिलेलं नाही. पण त्याच समाजातली स्त्री राज्यातल्या सरासरी स्त्रीपेक्षा चार टक्क्यांनी मागे आहे. भाऊ पोहोचला, बहीण वाटेत आहे. ‘अनुसूचित जाती’ असा एकच रकाना वाचला तर हे दिसत नाही. ‘स्त्रिया’ असा एकच रकाना वाचला तरी दिसत नाही.

दुसरी गोष्ट आदिवासींची. आदिवासी पुरुष सरासरी पुरुषापेक्षा १४ टक्क्यांनी मागे. सरासरी स्त्री सरासरी पुरुषापेक्षा साडेबारानं मागे. समजा या दोन्ही तोट्यांची नुसती बेरीज होत असेल, तर आदिवासी स्त्री कुठे असायला हवी? ८८.४ मधून दोन्ही वजा करा. ६२ च्या आसपास. प्रत्यक्षात आहे ५७. हिशेब ढोबळ आहे, मान्य. साक्षरतेच्या आकड्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांचाही समावेश असतो, त्यामुळे तो आजच्या शाळेपेक्षा कालच्या शाळेबद्दल जास्त सांगतो, हेही मान्य. पण वरचे पाच टक्के कुठून आले? तोटा तोट्याला नुसता चिकटत नाही, तो त्याला खतपाणी घालतो. मेळघाटातल्या मुलीची घरची भाषा कोरकू, गडचिरोलीतलीची गोंडी किंवा माडिया. शाळेची भाषा पुस्तकी मराठी. मुलगा बाजाराला जातो, मजुरीला जातो, तिथे मराठी कानावर पडते. मुलगी घरात आणि रानात, तिच्या कानावर मराठी पडते ती फक्त मास्तरांची. आश्रमशाळा घरापासून लांब, आणि वयात आलेल्या मुलीला लांब ठेवायची आईबापांना धास्ती. इथे भाषा, अंतर आणि धास्ती एकमेकांना मदत करतात. आणि आणखी एक : जनगणनेत कुटुंबाचं उत्पन्न विचारत नाहीत. म्हणजे तिसरा रकाना इथे नाहीच. तो असता तर हे चित्र आणखी काळं दिसलं असतं असं मला वाटतं.

आता साहित्याकडे वळते, कारण आकडा जिथे थांबतो तिथून आत्मकथन सुरू होतं. आपल्याकडे शाळेच्या आठवणी भरपूर लिहिल्या गेल्या. दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांनी शाळेच्या पायरीवरचा अपमान लिहिला, त्यानं मराठी वाङ्मय बदललं. पण एक वाचक म्हणून मला त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत एक प्रश्न पडतो. लेखक शाळेत जातो, आई त्याच्यासाठी खपते. आईचं चित्र जीव ओतून काढलेलं असतं. पण बहीण? ती कितवीपर्यंत शिकली? बहुधा एखाद्या वाक्यात तिचं लग्न होतं आणि ती पुस्तकातून जाते. शाळेतून गेली तशीच.

म्हणून स्त्रियांनी लिहिलेलं वेगळं वाचायला हवं. कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१ चं. नागपूरच्या दलित कुटुंबातली ही मुलगी संस्कृत शिकली, एम. ए. झाली. जी भाषा तिच्या पूर्वजांच्या कानावर पडू नये अशी व्यवस्था होती, त्या भाषेची ती पदवीधर झाली. कौतुक झालं, सत्कार झाले. नोकरी मात्र मिळेना. पुढे मराठा समाजातल्या पुरुषाशी लग्न झालं, आडनाव सोमकुवरचं पावडे झालं, आणि मग प्राध्यापकी मिळाली. हा प्रसंग त्यांनी फार कडवट हसून लिहिलाय. पदवी तीच, बाई तीच. सोमकुवर या नावाला जे मिळालं नाही ते पावडे या नावाला मिळालं.

सगळा प्रश्न गरिबीचा आहे, जातबीत आता राहिली नाही, असं जे म्हणतात त्यांनी हे वाचावं. इथे पदवी घेऊन झालेली आहे, शिक्षण पूर्ण आहे, तरी जात आडवी येते. आणि सगळा प्रश्न जातीचा आहे असं म्हणणाऱ्यांनीही वाचावं. कारण जात ओलांडायला वाट मिळाली ती नवऱ्याच्या आडनावाची. बाईची जात नवऱ्याच्या नावानं बदलते असं मानणारा समाज आहे म्हणून ती वाट उघडली. म्हणजे एका अन्यायाचं कुलूप दुसऱ्या अन्यायाच्या किल्लीनं उघडलं. याला मुक्ती म्हणायची का?

दुसरं पुस्तक उर्मिला पवार यांचं ‘आयदान’, २००३ चं. त्यांच्या कोकणातल्या शाळेत शेण उचलायचं काम कुणाकडे येई, आणि त्यावरून गुरुजींनी मारलं तेव्हा बांबूच्या टोपल्या विणणारी आई त्यांना कशी जाब विचारते, हे त्यात आहे. तो प्रसंग सगळ्यांना लक्षात राहतो. पण त्याच पुस्तकात पुढे, नोकरी आणि संसार सांभाळून त्या एम. ए. करायला निघतात, तेव्हा घरातून कुरबूर सुरू होते. आधी घरचं बघ, मग काय ते शिक. गुरुजींशी भांडायला आई होती. नवऱ्याशी भांडायला कोण येणार? लहानपणी शाळेच्या दारात जात उभी होती, मोठेपणी घराच्या दारात बाईपण उभं राहिलं. आणि घरातला नवरा त्याच चळवळीला मानणारा. चळवळीच्या भाषणात हा प्रसंग सहसा येत नाही. उर्मिलाताईंनी तो लिहिला, म्हणून त्यांना बोलणीही खावी लागली.

आता आजच्यावर येते. ऊसतोडीत मजुरीचं एकक कोयता आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीवर. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. याचा शाळेशी काय संबंध? संबंध असा की मुलगा हाताशी आला की घराला पूर्ण कोयता हवा असतो, आणि त्यासाठी सून हवी. मुलीच्या बापाला सहा महिने फडावर जायचंय, मोठी मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवू ही काळजी. दोन्ही घरांचा हिशेब एकाच ठिकाणी येतो : तिचं लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ही राज्याची सरासरी. आपण याला अज्ञान म्हणतो, प्रबोधन करायला निघतो. पण तिथे मजुरीची रचनाच लग्न मागते आहे. प्रबोधनाच्या पोस्टरनं उचल फिटत नाही.

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी. चौदा म्हणजे आठवी. नववीची शाळा बहुधा दुसऱ्या गावाला. म्हणजे ज्या वयात मुलीचा पाय घरात ओढला जातो, नेमक्या त्याच वयात कायद्याचा हात सुटतो. पास असतो, पण सकाळची गाडी वेळेवर नसते आणि संध्याकाळची अंधार पडल्यावर येते.

दुसरीकडे, जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलंच केलं. मी त्याचं स्वागत करते. पण हे दार बारावीनंतरचं आहे. नववीत गळालेली मुलगी तिथवर पोहोचणार कशी? आणि खालच्या वर्गांतल्या अशाच मुलींसाठी १९९२ पासून एक उपस्थिती भत्ता आहे. दुर्बल घटकांतल्या मुलींनी शाळेत यावं म्हणून पहिली ते चौथीसाठी रोज एक रुपया. वर्षाला जास्तीत जास्त २२०. या योजनेचं मला खरोखर कौतुक वाटतं, कारण तिनं जात, गरिबी आणि मुलगी हे तिन्ही एकत्र ओळखले होते. फार कमी योजनांना ते जमतं. आणि मग त्या ओळखीची किंमत ठरवली एक रुपया, आणि तो रुपया वर्षानुवर्षं रुपयाच राहिला. दिसलं बरोबर, मोजलं मात्र चिल्लर.

एक मुद्दा मध्यमवर्गाबद्दल, नाहीतर आपण सगळे इथे बसून दुसऱ्यांबद्दलच बोलतोय असं होईल. ज्यांना परवडतं त्यांनी जिल्हा परिषदेची, पालिकेची शाळा सोडली. ज्यांना एकाचंच परवडतं त्या घरात मुलगा इंग्रजी माध्यमात जातो आणि मुलगी जिल्हा परिषदेत. शाळेच्या पटावर मुलींची संख्या वाढली म्हणून आपण आनंद मानतो, पण कुठल्या शाळेच्या पटावर, हे विचारत नाही. खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा हा या दोन जगांमधला एक अरुंद पूल. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. पूल वाचला. पण तो काढायचा प्रयत्न झाला तेव्हा आपल्यापैकी किती जणांच्या घरात त्याची चर्चा झाली?

आता दोन आक्षेपांना उत्तर देते आणि थांबते. पहिला आक्षेप : हे रकानेच काढून टाका, जात विचारूच नका, म्हणजे जात जाईल. नाही. रकाना काढला की तोटा जात नाही, तोट्याचा पुरावा जातो. अनुसूचित जातींची स्त्री चार टक्क्यांनी मागे आहे हे मला कळलं ते रकाना होता म्हणूनच. माझी तक्रार रकान्यांबद्दल नाही. ते वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचले जातात, ही तक्रार आहे. समाजकल्याण एका इमारतीत, महिला व बालविकास दुसऱ्या, शिक्षण तिसऱ्या.

दुसरा आक्षेप चळवळीतल्या मित्रांचा. तुम्ही असे सांधे दाखवत बसलात तर लढ्यात फूट पडते. आधी जातीचा प्रश्न सोडवू, मग बाईचा. कुणी म्हणतं आधी वर्ग, मग जात. ‘आधी’ आणि ‘मग’ या दोन शब्दांनी आपण किती पिढ्या घालवल्या! निवेदनाच्या शेवटच्या वाक्यात राहिलेली मुलगी अजून शेवटच्याच वाक्यात आहे. फूट ती पाडत नाही. ती आधीच फुटलेल्या जागेवर उभी आहे.

मग करायचं काय? मोठं तत्त्वज्ञान माझ्याकडे नाही. तीन साध्या गोष्टी सुचवते. एक, शाळेचे आकडे जाहीर करताना जात, उत्पन्न आणि मुलगा-मुलगी हे एकमेकांत मिसळून दाखवा, तालुकावार दाखवा. दोन, हिशेब आठवीला थांबवू नका. आठवीत असलेली मुलगी बारावीत आहे का, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाला आणि प्रत्येक आमदाराला विचारा. स्थलांतर होणाऱ्या गावांत हंगामी वसतिगृहं कागदावर आहेत की दिवाळीआधी खरंच उघडतात, ते जाऊन बघा. दिवाळीनंतर उघडून उपयोग नाही, तोवर गाड्या गेलेल्या असतात. आणि तीन, शाळा सोडल्याचं कारण खरं लिहा.

या तिसऱ्या गोष्टीशी मी येऊन थांबते, कारण ती माझ्या हातात होती. ‘स्वेच्छेने’ हा शब्द लिहायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं. तो नेहमीचाच शेरा होता, सगळे लिहायचे. पण त्या शब्दानं काय केलं? तिच्यावर जे जे आलं होतं, ते सगळं तिची इच्छा म्हणून नोंदवलं. आजी, भावंडं, उचल, हजेरीचा नियम, सगळ्यांची सुटका झाली आणि जबाबदार ठरली ती एकटी. मी आयुष्यभर शब्दांचे अर्थ शिकवले, आणि माझ्या सहीखालचा हा एक शब्द मला खोटा दिसला नाही. तो दिसायला मला मुक्ता साळवेचा निबंध पुन्हा वाचावा लागला, निवृत्त झाल्यावर.

इथे शिक्षक बरेच बसलेत असं दिसतंय. पुढच्या एप्रिलमध्ये तुमच्याही टेबलावर असे कागद येतील. सही करायच्या आधी तेवढा एक शब्द वाचा.

आता प्रश्न असतील तर विचारा, आणि मागे बसलेल्या मुलींनी आधी विचारा.